कॅम्पेनमधला देव खोटा का वाटतो: बिघाड शोधा, दुरुस्त करा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळात कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारी कथा) चालवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा त्याच त्या शब्दांत येते. जग मेहनतीने बांधलंय, नकाशा आहे, चौदा देवांची यादी आहे, प्रत्येकाचं चिन्ह आणि आवडतं शस्त्रसुद्धा ठरलंय. तरी चौथ्या-पाचव्या सेशनला क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारं पुजारी पात्र) खेळणारा विचारतो, "माझा देव कुठला होता रे?" डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) वही चाळतो, बाकीचे समोसे संपवतात, आणि त्या जगातला धर्म जखमा भरण्यापुरता उरतो. यावर बरेच जण आणखी चार पानं पुराण लिहून काढतात. त्याने फरक पडत नाही. माहिती कमी पडलेली नसते, ती चुकीच्या टोकाकडून लिहिलेली असते: विश्वनिर्मितीपासून सुरुवात, आणि देवळाच्या पायरीशी पोचायच्या आत शनिवार संपलेला.

म्हणून आधी तपासणी. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) सध्या ज्या गावात आहे तेवढंच गाव घ्या. इथला बाजार देवामुळे कधी बंद असतो? इथले लोक काय खात नाहीत, आणि किती दिवस? दानपेटीची किल्ली कुणाकडे असते? तिन्ही उत्तरं वहीत असतील तर तुमचा बिघाड खालच्या एखाद्या मुद्द्यात सापडेल. एकही नसेल तर देवांची यादी बाजूला ठेवा, ती सध्या कामाची नाही.

देवांचं खातेवाटप झालंय

युद्धाचा एक, समुद्राचा एक, मृत्यूचा एक, शेतीची एक. शपथविधी उरकलेलं मंत्रिमंडळच. याचं मूळ नियमपुस्तकात आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये क्लेरिकने डोमेन, म्हणजे आपल्या देवाचं खातं, निवडायचं असतं. कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या नोंदीच्या कागदावर) ते ठीक आहे, पण गावातल्या म्हातारीला आपल्या देवीचं डोमेन माहीत नसतं. तिला एवढंच ठाऊक असतं की देवी आपली आहे, पलीकडच्या गावाची नाही, आणि गेल्या साली कोंबडा उशिरा दिला म्हणून ती कोपली होती.

खात्याऐवजी प्रत्येक देवाला एक जागा द्या, एक समाज द्या आणि एखादं जुनं भांडण किंवा नातं द्या. जेजुरीचा खंडोबा पाहा. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. दोन सवतींच्या भांडणाची गाणी वाघ्या-मुरळी अजून गातात, आणि त्या लग्नांतून दोन वेगळ्या समाजांची एकाच देवाशी सोयरीक जुळते. तुमच्या जगात डोंगरातल्या ड्वार्फांचा देव आणि बंदरातल्या माणसांची देवी यांचं लग्न लावून द्या. वरात कुणाच्या वेशीतून जाणार, आहेर कोण करणार, जकात माफ कुणाला, हे सगळं त्यातून निघतं. पहिल्या पाच सेशनला असे तीन देव पुरतात. उरलेल्या अकरांची नावं शिव्या आणि शपथांत वापरा, तिथे ती छान शोभतात.

प्रत्येक जण एकाच देवाचा

मुंबईत राहून ही चूक करणं जरा नवलाचंच. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत असलेला माणूस बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला (ख्रिस्ती प्रार्थनेला) दिसू शकतो. तिथे १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालतो आणि गर्दीत ख्रिस्ती नसलेले भरपूर असतात. त्याच माणसाचं कुलदैवत भलतीकडेच असतं, आणि शिमग्यात गावच्या देवाची पालखी घरी येणार म्हणून तो रजा टाकून कोकणकन्येत बसतो. यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

म्हणून महत्त्वाच्या एनपीसीसाठी (डीएम चालवतो त्या पात्रासाठी) चार रकाने आखा: घराण्याचा देव, राहत्या जागेचा, धंद्याचा आणि अडीनडीचा. चौथा सगळ्यात कामाचा, कारण तो बऱ्याचदा दुसऱ्यांचा असतो. वेशीवरचा पहारेकरी परक्या लोकांच्या देवळात तोंड लपवून दिवा लावतो, म्हणजे घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. तुमचा पुढचा क्वेस्ट (पार्टीची कामगिरी) तिथे आहे. एखादा रकाना रिकामाही चालेल, पण तो मुद्दाम रिकामा हवा. क्लेरिक आणि पॅलाडिन (शपथेने बांधलेला योद्धा) यांनी एकाच देवाला वाहून घेतलंय हा अपवाद आहे, आणि गावकऱ्यांनी त्यांच्याकडे तसंच बघावं: थोडा आदर, थोडी धास्ती, आणि "यांना आपल्याकडचं जेवण चालतं का?" ही चिंता.

देऊळ म्हणजे एक हॉल, एक मूर्ती, एक म्हातारा पुजारी

सगळ्यात जास्त काम इथे आहे, आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच. देवाचं वर्णन अर्ध्या पानावर आणा आणि देवळाच्या कारभाराला एक अख्खं पान द्या. नमुन्यासाठी एक देवी घेऊ. मिठागरांचं गाव, मीठबंदर, देवी खाजणाई.

देऊळ खाजणाच्या कडेला आहे. भरतीत पायऱ्या बुडतात, म्हणून दर्शन ओहोटीतच. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा दर्शनाची वेळही रोज बदलते. म्हणजे वेळ खडूने फळ्यावर लिहिणारा एक माणूस आलाच, आणि त्याला पैसे चारून खोटी वेळ लिहून घेता येते हेही आलं. (हाजी अलीची वाट भरतीत पाण्याखाली जाते, ते एकदा नीट उभं राहून पाहा. लोक थांबतात कुठे, विकणारे काय विकतात, घाई कुणाला असते.)

नवसाला मिठाचे दाबून केलेले हात, पाय, होड्या, पाळणे मिळतात. बांद्र्याला माउंट मेरीच्या पायथ्याशी मेणाचे हात-पाय, घरं, बाहुल्या विकायला असतात, त्याच जातीची ही कल्पना. एका हाताला दोन तांब्याची नाणी. तो शेवटच्या पायरीवर ठेवायचा; भरतीच्या पाण्यात विरघळला की नवस पोचला.

किल्ली तीन घराण्यांकडे, चार-चार महिन्यांच्या पाळीने. मीठ पिकतं कोरड्या दिवसांत, त्यामुळे पावसाळ्याची पाळी ज्यांच्याकडे त्यांची पेटी रिकामी. आता वाद ऐका: पायरीवरचा मिठाचा हात भरतीऐवजी पावसाने विरघळला, तर नवस पोचला का? पावसाळी घराणं म्हणतं पोचला, देवी आभाळातूनही पाणी घेते. बाकीची दोन म्हणतात छे, असलं काही पूर्वापार नाही. दोन्ही बाजूंकडे ओव्या आहेत, दोन्ही बाजूंचे लोक मनापासून भाविक आहेत, आणि पैसा कुठे आहे तेही दिसतंय. धर्मातला वाद असा बांधायचा. श्रद्धा खरी, हिशेबही खरा. एकाला ढोंगी आणि दुसऱ्याला संत केलंत की तो वाद एका सेशनमध्ये मरतो.

पानावर आणखी दोन ओळी हव्यात. पहिला मान कुणाचा? माहीमच्या मखदूमबाबांच्या जत्रेत पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो; तसा मीठबंदरात जत्रेचा पहिला दिवा पहारेकऱ्यांच्या नाईकाचा. नाईक मेला आणि नवा नेमलेला नाही, मग दिवा कोण लावणार? आणि रांगा किती? लालबागला नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, हे इथे कुणाला सांगायला नको. पार्टी कुठल्या रांगेत उभी राहते यावर गावात त्यांची पत ठरते. आत कुणाला घेतच नाहीत, हाही याच ओळीतला प्रश्न आहे, आणि तो हलका नाही. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह करावा लागला होता. घ्यायचा असेल तर टेबलवर आधी विचारून घ्या.

कारभारातली भांडणं किती लांबतात याचा अंदाज हवा असेल तर पंढरपूर आठवा. देवस्थानाचा कायदा १९७३ चा, आणि बडवे-उत्पातांच्या हक्कांवर सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल जानेवारी २०१४ चा. चाळीस वर्षं. तुमच्या नायकांनी ते एका भाषणात मिटवू नये.

नियम लिहिलाय, पण खेळात दिसत नाही

पुजारी येऊन नियम वाचून दाखवतो, तिथेच तो नियम मरतो. नियम त्याच्या कडेला दाखवायचा. श्रावण दाखवायला उपास करणारा माणूस लागत नाही, गटारीच्या दिवशी मटणाच्या दुकानापुढची रांग पुरते. मीठबंदरात अमावास्येला मीठ मोजायचं नाही असा नियम असेल, तर पार्टी आदल्या संध्याकाळी पोचू दे: तराजूंपाशी झुंबड, हमाल दुप्पट मजुरी मागतायत, आणि एक व्यापारी पोती न मोजता "अंदाजे" सौदा करतोय. नियम, पाळणारे आणि पळवाट, तिन्ही एका प्रसंगात आले.

नियमाला पोटापाण्याचं कारण जोडलंत तर उत्तम. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन कोळी होड्या पाण्यात घालतात. पश्चिम किनाऱ्यावरची सरकारी पावसाळी मासेमारीबंदीही १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. खवळलेला समुद्र आणि माशांच्या विणीचा हंगाम, दोन्हींशी ते जुळतं. पण गावातल्या कुणाच्या तोंडी हे कारण घालू नका. त्यांच्यासाठी तो दर्याचा मान आहे.

देव खरंच उत्तर देतो, मग वाद कसला?

हा सगळ्यात नेहमीचा अडथळा, आणि याचं उत्तर नियमांतच आहे. कम्यून, म्हणजे देवाला थेट प्रश्न विचारायची जादू, हा पाचव्या लेव्हलचा स्पेल; स्पेलची आणि पात्राची लेव्हल वेगळी मोजतात, त्यामुळे तो टाकायला नवव्या लेव्हलचा क्लेरिक हवा. तीनच प्रश्न, तेही हो-नाहीचे. देवता सर्वज्ञ असेलच असं नाही, त्यामुळे उत्तर "अस्पष्ट" येऊ शकतं, आणि लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) आत पुन्हा टाकलात तर उत्तरच न मिळण्याची शक्यता दर वेळी २५ टक्क्यांनी वाढते. मीठबंदरात तर इतका मोठा क्लेरिकच नाही. कुणी राजधानीतून आणला आणि विचारलं, "पावसाने विरघळलेला नवस पोचतो का?" उत्तर आलं, "हो." लगेच पुढचा वाद: एकदा पोचला की नेहमीच पोचतो? हो-नाहीच्या उत्तराला अर्थ लावणारे लागतातच, आणि अर्थ लावणाऱ्यांची पोटं असतात.

रोजच्या वापरासाठी स्पेलऐवजी कौल ठेवा. कोकणातल्या देवळांत देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा पानं चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, उजवीकडची आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. गावागणिक पद्धत बदलते. टेबलवर तो असा बसवता येतो. दोन वेगळ्या रंगांचे सहाबाजूंचे फासे, एक उजवा, एक डावा, सगळ्यांसमोर टाकायचे. ज्यावर आकडा मोठा ती पाकळी आधी पडली. फरक दोन किंवा जास्त असेल तर कौल स्वच्छ. फरक एकाचाच असेल तर कौल वादात: जमलेल्यांपैकी निम्म्यांना उजवी आधी पडलेली दिसली, निम्म्यांना डावी. आकडे सारखे आले तर देव आज बोलत नाही, पुढच्या ओहोटीला काहीतरी वाहून परत या.

हिशेब करून पाहा: ३६ शक्यतांपैकी २० स्वच्छ, १० वादाच्या, ६ मौनाच्या. म्हणजे साधारण निम्म्याहून थोड्या जास्त वेळा सरळ उत्तर. फासे पडद्यामागे टाकू नका. वादाचा कौल खेळाडूंनी डोळ्यांनी पाहिलेला असला की ते आपसातच भांडायला लागतात, आणि डीएमला चहा घ्यायला वेळ मिळतो.

मेलेले उठतात, तरी गाव तसंच

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४ च्या नियमांत, रेझ डेडला (मेलेल्याला उठवणाऱ्या स्पेलला) ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि मृत्यूला दहा दिवसांहून जास्त झालेले चालत नाहीत. साध्या मजुराची रोजी २ चांदीची नाणी. दहा चांदीची एक सोन्याची. म्हणजे एक हिरा म्हणजे २,५०० दिवसांची मजुरी, जवळपास सात वर्षं, न खाता-पिता. या एका आकड्यावर तुमच्या जगातला अर्धा धर्म उभा राहायला हवा, आणि बहुतेक कॅम्पेनमध्ये तो नुसता किमतीच्या तक्त्यात पडून असतो.

आता त्याच्या शेजारी जेंटल रिपोज (प्रेत कुजू न देणारा स्पेल) ठेवा. दुसऱ्या लेव्हलचा, रिचुअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून, करता येतो, त्यामुळे स्लॉट (दिवसाच्या मोजक्या स्पेलांपैकी एक) जात नाही. लागतं काय? चिमूटभर मीठ, आणि प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं. दहा दिवस टिकतो, आणि ते दिवस रेझ डेडच्या मुदतीत धरत नाहीत. तिसऱ्या लेव्हलचा कुठलाही गावचा क्लेरिक हे करू शकतो. तेव्हा खाजणाईच्या देवळाच्या माडीवर, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर, एक लांब खोली असणारच. ओळीने चटया, प्रत्येकीवर एक माणूस, डोळ्यांवर नाणी, उशाशी मिठाची वाटी आणि घराण्याचं नाव. दर दहाव्या दिवशी पुजारी फिरतो. घरचे पैसे साठवतायत, कुणी दोन वर्षं, कुणी नऊ. कुणी कधीच पुरे करणार नाही हे पुजाऱ्यालाही माहीत आहे. एका चटईवरची नाणी चोरीला गेली, एवढ्यावर अख्खं सेशन निघतं, कारण नाणी उचलली की तो स्पेल तिथेच संपतो.

उपासमारीचाही असाच हिशेब करा. क्रिएट फूड अँड वॉटर (अन्नपाणी निर्माण करणारा स्पेल) एका वेळेला १५ माणसांना एक दिवस पुरतं. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोन, म्हणजे दिवसाला ३० माणसं. ३०० वस्तीच्या गावाला असे दहा क्लेरिक लागतील. "देवळं असताना दुष्काळ कसा?" याचं उत्तर मिळालं, आणि तीस जणांत कुणाला घ्यायचं हा प्रश्नही आला.

दुष्ट पंथात कुणी का जाईल?

काळे झगे आणि सुरा यांच्यासाठी कुणी घर सोडत नाही. पंथ काय देतो ते आधी लिहा: वरच्या हिऱ्याच्या किमतीत हप्ता, रात्रीचं जेवण, कर्जाची माफी, मुलीच्या लग्नाला माणसं. किंमत नंतर उघड होऊ दे. एवढं पुरे.

हजार वर्षांत विधी तसाच

विधी बदलतात, आणि बऱ्याचदा धर्माबाहेरच्या कारणाने बदलतात. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचा अंत्यविधी गिधाडांवर अवलंबून होता. १९९० च्या दशकापासून देशभरात गिधाडं झपाट्याने संपली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांतून त्यांच्या पोटात जात होतं. सरकारने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली, पण पक्षी परतले नाहीत. डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवले गेले, आणि वरळीला २०१५ पासून दहन निवडणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह आहे. समाजात यावर मतभेद झाले. कुणीही खलनायक नाही.

तुमच्या जगात हे करायला एक प्रश्न पुरतो: या विधीला लागणारी कुठली वस्तू, प्राणी किंवा जागा संपली तर? खाजणात भराव घालून बंदर वाढवलं, भरती पायरीपर्यंत पोचेनाशी झाली. मिठाचे हात तसेच पडून आहेत. तीन घराण्यांची तीन मतं लिहा आणि तिन्हींना शहाणी माणसं द्या.

टेबलवरच कुणीतरी दुखावलं

मुंबईतल्या टेबलवर पाच खेळाडूंत तीन धर्म आणि एक नास्तिक सहज असतो. पहिल्या सेशनआधी प्रत्येकाला वेगळं विचारा: कुठली गोष्ट खेळात नको? ग्रुपवर विचारलंत तर सगळे "काहीही चालेल" म्हणतात. रचना उसनी घ्या: पाळी, मान, रांग, नवस, कौल. जिवंत श्रद्धेतली मूर्ती, मंत्र, नाव आणि विधीतले नेमके शब्द घेऊ नका, आणि कुणाच्या खऱ्या देवाला मॉन्स्टर म्हणून स्टॅट (ताकदीचे आकडे) देऊ नका. एखाद्याचं कॅरेक्टर देव मानत नसेल, तर त्याला जादूच्या एका झटक्याने नमवून "बघ, आहे की नाही" करू नका. त्या जगात देव आहे हे त्यालाही दिसतंय; त्याचं म्हणणं देव भक्तीच्या लायकीचा नाही असं असू शकतं, आणि ते खेळायला जास्त मजा येते.

सगळं लिहिलं, आता सांगायचं कसं

वाचून दाखवायचं नाही. क्लेरिकच्या खेळाडूला पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी द्या: रोज सकाळी काय करतोस, काय खात नाहीस, कुणाला आधी नमस्कार करतोस, कशाची लाज वाटते, देवळातल्या कुणाशी पटत नाही. बाकी पान तुमच्याकडे. दर सेशनला त्यातली एकच गोष्ट बाहेर काढा, आणि तीही पार्टीच्या कामात आडवी येईल अशी: निघायचंय, पण आज ओहोटी दुपारी आहे.

हे जमलं की उलटी तक्रार सुरू होते: खेळाडू प्रत्येक दार उघडण्याआधी कौल लावतात. त्यावर उपाय सोपा आहे. कौल गुरव लावतो, पार्टी नाही. गाऱ्हाण्याला नारळ लागतो, गावकरी जमावे लागतात, आणि प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने विचारावा लागतो. "आम्ही सावकाराच्या तळघरात शिरू का?" हे सावकाराच्या देखत विचारायची तयारी असेल, तर खुशाल लावू दे.